कानाची तक्रार आणि रक्तातली चरबी

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे पूर्वी माणूस कान धरून यायचा. आता तो फाइल धरून येतो. फाइलमध्ये सगळ्यांत वर लिपिड प्रोफाइलचा कागद असतो, त्यातल्या एखाददुसऱ्या आकड्याखाली पेनाने ठळक रेघ मारलेली असते आणि प्रश्न ठरलेला असतो: "डॉक्टर, कोलेस्टेरॉल वाढलंय, म्हणूनच ऐकायला कमी येतंय का?" त्याच्या पाठोपाठ दुसरा प्रश्न येतो: "मग ते उतरलं की कान सुटेल ना?"

पहिल्या प्रश्नाचं उत्तर 'थोडाफार संबंध असू शकेल' असं आहे आणि दुसऱ्याचं 'त्या भरवशावर राहू नका' असं. एवढंच बोलून मी उठलो तर केंद्रावरची मंडळी मला पुन्हा बोलावणार नाहीत. शिवाय या दोन उत्तरांमागे साठ वर्षांची एक हकिकत आहे, आणि ती ऐकण्यासारखी आहे.

आधी कानाची आतली रचना पाहू. आपल्याला आरशात दिसतो तो कान म्हणजे नुसता आवाज गोळा करणारा कर्णा. ऐकण्याचं खरं काम चालतं ते खूप आत, कवटीतल्या सगळ्यांत टणक हाडाच्या पोकळीत. तिथे गोगलगाईच्या शंखासारखी, सुमारे अडीच वेढे घेतलेली एक नळी आहे. तिचं नाव कॉक्लिया. आकार म्हणाल तर वाटाण्याएवढा. या नळीत पंधरा-सोळा हजार रोमपेशी ओळीने उभ्या असतात. ध्वनीच्या लाटेबरोबर त्यांच्या डोक्यावरचे बारीक रोम वाकतात आणि त्यातून मज्जातंतूत संदेश निघतो. पक्ष्यांच्या कानातल्या अशा पेशी मेल्या तर नव्या उगवतात. माणसाच्या उगवत नाहीत. जन्माला येताना जी शिदोरी मिळाली तीच शेवटपर्यंत पुरवायची.

या रोमपेशींना काम करायला वीज लागते. मी अलंकारिक बोलत नाही. नळीच्या एका बाजूच्या भिंतीत केशवाहिन्यांची दाट जाळी असलेला एक पट्टा आहे. तो नळीतल्या द्रवात सुमारे ८० मिलिव्होल्टचा विद्युतदाब राखून ठेवतो. ही कानाची बॅटरी. आपण झोपलो तरी ती चालू असते, आणि तिला रक्तातून अखंड प्राणवायू लागतो. आता हे रक्त कुठून येतं? मेंदूच्या मागच्या भागाला रक्त पुरवणाऱ्या धमनीला एक फाटा फुटतो, त्या फाट्याला आणखी एक बारीक फांदी फुटते, आणि ती फांदी हाडातल्या बोगद्यातून कानाकडे जाते. तिला दुसरा पर्याय नाही. मुंबई-पुणे एक्स्प्रेस-वेवर दरड कोसळली तर गाड्या जुन्या रस्त्याने वळवता येतात. कानाकडे निघालेल्या रक्ताला जुना रस्ताच नाही. वाट अडली की पलीकडची बॅटरी काही मिनिटांत मंदावते.

हे चित्र एकदा डोळ्यांसमोर आलं की पुढचा तर्क कुणालाही सुचेल. रक्तात चरबी जास्त, म्हणून धमन्या अरुंद, म्हणून कानाची उपासमार, म्हणून बहिरेपण. तर्क सरळ आहे. पण वैद्यकशास्त्रात सरळ तर्क पुष्कळदा तोंडघशी पडतात. चरबीचे थर साठतात ते मुख्यतः मोठ्या आणि मध्यम धमन्यांत. कानातल्या केसाएवढ्या वाहिन्यांत जे बिघडतं ते वेगळं असतं: त्यांचं अस्तर खराब होतं, भिंती जाड होतात, रक्ताची वाहण्याची सहजता कमी होते. तेव्हा हृदयाचा नियम कानाला जसाच्या तसा लावता येत नाही. पुरावा पाहिजे.

तो शोधायला निघालेला पहिला मोठा माणूस म्हणजे न्यूयॉर्कचे सॅम्युअल रोझेन. कानाच्या शस्त्रक्रियेत त्यांचं नाव जगभर झालं होतं. मधल्या कानात रिकिबीच्या आकाराचं एक इवलंसं हाड असतं. ते जखडलं की माणूस बहिरा होतो. ते हाड नुसतं हलवून मोकळं केलं तरी ऐकू येऊ शकतं, हे रोझेन यांनी १९५२ पासून दाखवून दिलं. असा हात असलेला सर्जन पुढची वीस वर्षं शस्त्रक्रियेतच रमला असता. रोझेन यांना मात्र वेगळाच प्रश्न पडला: म्हातारपणी ऐकू कमी येणं हे केस पिकण्यासारखं अटळ आहे, की आपण ते ओढवून घेतो?

उत्तरासाठी ते १९६० च्या सुमारास सुदानच्या आग्नेय भागात गेले. तो मुलूख आता दक्षिण सुदान देशात आहे. इथिओपियाच्या सीमेजवळ तिथे माबान नावाची जमात राहते. गावं अशी शांत की बंदूक नाही, यंत्र नाही, ढोलसुद्धा नाही. खाणं भरड धान्याचं, नदीतल्या माशांचं. रोझेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बॅटरीवर चालणारी उपकरणं नेऊन माबानांचे कान तपासले, रक्तदाब मोजले. सत्तरीतल्या माणसांचे कान अमेरिकेतल्या त्यांच्या वयाच्या माणसांपेक्षा कितीतरी चांगले निघाले. वयाबरोबर रक्तदाबही चढलेला नव्हता. हा अहवाल १९६२ मध्ये प्रसिद्ध झाला आणि गाजला.

त्यावर आक्षेपही आले, आणि ते रास्त होते. माबानांकडे जन्मतारखांचे दाखले नव्हते. सत्तरीचा म्हणून तपासलेला माणूस खरोखर सत्तरीचा होता का? आणि कान चांगले राहिले ते शांततेमुळे, खाण्यामुळे की आनुवंशिकतेमुळे? एका भेटीत हे वेगळं करता येत नाही. आपल्या आजोबांच्या पिढीचे कान म्हणे खणखणीत होते, असं आपण सांगतो तेव्हा हीच अडचण असते. आजोबांनी साजूक तूप खाल्लं, मैलोन्मैल चालले आणि लाउडस्पीकर ऐकला नाही. यातल्या कशाला श्रेय द्यायचं?

रोझेन यांना आहाराचा भाग सुटा करून पाहायचा होता आणि तशी संधी फिनलंडमध्ये तयार होती. त्या काळात फिनलंडमध्ये ऐन उमेदीतले पुरुष हृदयविकाराने पटापट जात. जेवणात लोणी आणि मलईदार दूध यांची रेलचेल. तिथल्या डॉक्टरांनी १९५९ मध्ये हेलसिंकीजवळच्या दोन मनोरुग्णालयांत एक प्रयोग सुरू केला. एकाचं नाव निक्किला, दुसऱ्याचं केल्लोकोस्की. निक्किलामध्ये दुधातली चरबी काढून तिच्या जागी सोयाबीनचं तेल घातलं आणि लोण्याऐवजी मऊ मार्गारीन दिलं. केल्लोकोस्कीत नेहमीचंच जेवण. सहा वर्षांनी, १९६५ मध्ये, अदलाबदल केली: केल्लोकोस्कीला सोयाबीनचं तेल आणि निक्किलाला पुन्हा लोणी. हा सगळा खटाटोप हृदयासाठी होता. कान त्यात कुणाच्या मनात नव्हता.

रोझेन तिथे पोचले आणि त्यांनी दोन्हीकडच्या रुग्णांचे कान तपासले. सोयाबीन तेलाच्या रुग्णालयातल्या लोकांना जास्त चांगलं ऐकू येत होतं. अदलाबदलीनंतर काही वर्षांनी त्यांनी पुन्हा तपासणी केली, तेव्हा कानांचं पारडंही फिरलं होतं. लोण्यावर परत गेलेल्यांचे कान मागे पडले, तेलावर आलेले पुढे गेले. हा निबंध १९७० मध्ये प्रसिद्ध झाला. कोलेस्टेरॉल आणि कान यांची जी गाठ लोकांच्या मनात बसली आहे, तिचा मोठा वाटा या दोन रुग्णालयांकडे जातो.

आजचा वाचक पहिल्यांदा विचारील की मनोरुग्णालयातल्या माणसांना कुणी विचारलं होतं का, तुमचं जेवण बदलू का म्हणून. प्रश्न बरोबर आहे. त्या काळी तो फारसा विचारला जात नसे. पण शास्त्राच्या अंगानेही या प्रयोगात भोकं होती. रुग्णांची विभागणी चिठ्ठ्या टाकून केलेली नव्हती. रुग्णालय हेच एकक होतं. बारा वर्षांत माणसं आली, गेली, वारली. दोन्हीकडे दिली जाणारी मानसिक आजाराची औषधं सारखी नव्हती. आणि कानाची तपासणी ही रक्ताच्या तपासणीसारखी नसते. कानावर हेडफोन लावून बारीक 'टूं' आवाज ऐकवतात आणि ऐकू आला की माणसाने कळ दाबायची असते. गुंगीच्या औषधावर असलेल्या रुग्णाने कळ उशिरा दाबली, तर दोष कानाचा की गुंगीचा? माझ्या मते फिनलंडच्या प्रयोगाने एक चांगला प्रश्न उभा केला. त्याने उत्तर दिलं असं मी म्हणणार नाही.

उत्तर शोधायला पुढे अनेक जण निघाले आणि प्रत्येकाने वेगळंच आणलं. अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम गावातल्या लोकांच्या हृदयाचा अभ्यास १९४८ पासून चालू आहे हे पुष्कळांनी ऐकलं असेल. त्याच लोकांच्या कानांचा हिशेब १९९३ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना हृदयाचा किंवा रक्तवाहिन्यांचा आजार झाला होता, त्यांना खालच्या पट्टीतले आवाज कमी ऐकू येत होते, आणि हा संबंध पुरुषांपेक्षा स्त्रियांत जास्त ठळक होता. ऑस्ट्रेलियातल्या ब्लू माउंटन्स भागातल्या वृद्धांचा अभ्यास २०११ मध्ये आला. जेवणातून जास्त कोलेस्टेरॉल घेणाऱ्यांत बहिरेपण जास्त आणि कोलेस्टेरॉलच्या गोळ्या घेणाऱ्यांत कमी दिसलं. हे ऐकून आनंद होतो न होतो तोच २०१३ मध्ये अमेरिकेतल्या साउथ कॅरोलिनातून दुसरा अभ्यास आला. वृद्धांचं कोलेस्टेरॉल आणि त्यांचं ऐकणं यांत नाव घेण्याजोगा संबंध त्यात सापडला नाही.

असे अभ्यास ही निरीक्षणं असतात. जो माणूस नेमाने गोळी घेतो तो बहुधा चालायलाही जातो, तंबाखूही कमी खातो, आणि फटाक्यांच्या माळेजवळ उभाही राहत नाही. मग चांगल्या कानाचं श्रेय गोळीला कसं द्यायचं? त्यासाठी चिठ्ठ्या टाकून दोन गट करावे लागतात, एकाला खरी गोळी आणि दुसऱ्याला तशीच दिसणारी खोटी गोळी द्यावी लागते. हेही झालं आहे. जर्मनीतल्या डॉक्टरांनी साठ ते पंचाहत्तर वर्षांच्या लोकांना ॲटोरव्हास्टॅटिन ही कोलेस्टेरॉलची प्रसिद्ध गोळी काही महिने देऊन पाहिली. निष्कर्ष २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. कोलेस्टेरॉल उतरलं. ऐकण्यात फरक पडला नाही. प्रयोग लहान होता आणि मुदतही थोडी होती, हे मान्य. पण 'गोळ्या चालू केल्या, आता कान सुटेल' म्हणून वाट पाहणाऱ्या माणसाला मी हेच सांगतो.

आता एक उलटं उदाहरण सांगतो, कारण त्याशिवाय चरबीची बाजू अर्धीच कळते. कोलेस्टेरॉल हे नुसतं विष नाही. शरीरातल्या प्रत्येक पेशीच्या आवरणात ते असतं, आणि कानातल्या बाहेरच्या ओळीच्या रोमपेशींत तर त्याला खास काम आहे. या पेशी आवाजाबरोबर स्वतः लांब-आखूड होतात आणि बारीक आवाज वाढवून देतात, जणू नैसर्गिक ॲम्प्लिफायर. हे नाचणं ज्या प्रथिनामुळे होतं ते २००० साली सापडलं. आवरणातल्या कोलेस्टेरॉलचं प्रमाण बदललं की या प्रथिनाचं कामही बदलतं. नीमन-पिक 'सी' नावाचा एक दुर्मीळ आनुवंशिक आजार आहे. त्यात पेशींत कोलेस्टेरॉल अडकून पडतं. ते काढण्यासाठी सायक्लोडेक्स्ट्रिन जातीचं एक औषध देऊन पाहिलं जातं. मेंदूला त्याचा फायदा होईल अशी आशा, पण कानाला त्याचा फटका बसतो. औषधाने रोमपेशी मरतात आणि रुग्णाला ऐकू कमी येतं. म्हणजे पेशीतून कोलेस्टेरॉल ओरबाडून काढलं तरी कान जातो. नेहमीच्या गोळ्या असं करत नाहीत, तेव्हा हे ऐकून कुणी गोळी बंद करू नये. मात्र 'जितकं कमी तितका कान चांगला' असं साधं गणित इथे नाही.

आपल्याकडचं काय? आपल्या रक्तातल्या चरबीचा तोंडवळा फिनलंडपेक्षा वेगळा आहे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या मोठ्या पाहणीतले याविषयीचे आकडे २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. तमिळनाडू, झारखंड आणि चंडीगडबरोबर त्यात आपला महाराष्ट्रही होता. एकूण कोलेस्टेरॉल जास्त असलेले लोक निघाले १३.९ टक्के. ट्रायग्लिसराइड जास्त असलेले २९.५ टक्के. आणि एचडीएल, म्हणजे ज्याला आपण चांगलं कोलेस्टेरॉल म्हणतो, ते कमी असलेले तब्बल ७२.३ टक्के. लोण्याच्या गोळ्यापेक्षा आपला त्रास भात, साखर, मैदा, तळण आणि खुर्चीला चिकटलेलं अंग यांतून जास्त येतो. म्हणूनच 'माझं कोलेस्टेरॉल नॉर्मल आहे' म्हणणाऱ्याच्या कागदावर मी खालच्या दोन ओळी वाचतो. तिथे ट्रायग्लिसराइड चढलेलं आणि एचडीएल खाली गेलेलं दिसलं की साखर तपासायला पाठवतो. ही तिन्ही भावंडं पुष्कळदा एकत्र राहतात. आणि साखरेचा कानाशी असलेला संबंध चरबीपेक्षा पक्का आहे. अमेरिकेतल्या राष्ट्रीय पाहणीत मधुमेही लोकांत बहिरेपण सुमारे दुप्पट आढळलं, हे २००८ मध्ये प्रसिद्ध झालं. त्याची चर्चा मात्र दिवाणखान्यात होत नाही. कोलेस्टेरॉल हा शब्द जास्त प्रतिष्ठित आहे.

आणखी एक गोष्ट. ऐकू कमी येणाऱ्या शंभर माणसांची रांग माझ्यासमोर उभी केली, तर त्यांच्यातले कितीतरी कानातल्या मळामुळे, फुटलेल्या पडद्यामुळे, वर्षानुवर्षं वाहणाऱ्या कानामुळे तिथे आलेले असतात. पुष्कळांचं वय झालेलं असतं. काहींनी लूमवर किंवा प्रेसवर आयुष्य काढलेलं असतं. काहींना पूर्वी क्षयासाठी स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शनं मिळालेली असतात. तरुण असेल तर ढोलपथक, डीजे, कानात खुपसलेला इअरफोन. या सगळ्यांना मागे टाकून रक्तातली चरबी पहिल्या नंबरावर येत नाही. दहा दिवस मिरवणुकीच्या स्पीकरच्या भिंतीपुढे उभं राहायचं आणि अकराव्या दिवशी तूप सोडायचं, हा व्यवहार कानाला परवडणारा नाही. कानात कोमट लसणाचं तेल घालणारेही आहेत. चरबी आतून नको म्हणायची आणि बाहेरून ओतायची. पडद्याला भोक असेल तर त्या तेलाने कान आणखी चिघळतो.

आता ज्या गोष्टीसाठी मी खरं म्हणजे आज इथे आलो, ती सांगतो.

वर्षानुवर्षं हळूहळू कमी होणारं ऐकणं वेगळं आणि एका रात्रीत गेलेला कान वेगळा. माणूस झोपेतून उठतो, फोन कानाला लावतो आणि त्या कानात काहीच नाही. दडा बसल्यासारखं वाटतं, शिटी वाजते, कधी चक्कर येते. तीन दिवसांच्या आत एका कानाचं ऐकणं असं घसरलं, आणि कारण मज्जातंतूच्या बाजूचं असलं, तर आम्ही त्याला अचानक आलेलं बहिरेपण म्हणतो. त्याचं नेमकं कारण बहुतेकदा सापडत नाही. विषाणू असेल, रक्तपुरवठा अडला असेल. रक्तपुरवठ्याची शंका खरी मानून जर्मनीतल्या डॉक्टरांनी या रुग्णांचं रक्त यंत्रातून फिरवून त्यातली वाईट चरबी आणि फायब्रिनोजेन हे गोठवणारं प्रथिन गाळून पाहिलं. तो प्रयोग २००२ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात आला. नेहमीच्या उपचारांइतकाच गुण आला, आणि ज्यांचं फायब्रिनोजेन जास्त होतं त्यांना थोडा अधिक. उपाय खर्चीक आणि जिकिरीचा, त्यामुळे तो सर्रास रुजला नाही. पण चरबी आणि कान यांच्या गोष्टीत मला हे पान बरंच बोलकं वाटतं.

आपल्याला उपयोगी पडतील अशा स्टेरॉइडच्या गोळ्या साध्या आणि स्वस्त आहेत. अट एकच: त्या लवकर सुरू व्हाव्या लागतात. पहिल्या दोन आठवड्यांत सुरू झाल्या तर आशा सगळ्यांत जास्त. काहींचा कान आपोआपही सुधारतो, पण आपण त्या काहींतले आहोत की नाही हे आधी कळत नाही. मधुमेही माणसाने हे औषध साखरेवर लक्ष ठेवूनच घ्यायचं असतं, म्हणून दुकानातून परस्पर आणून घेऊ नये.

इथे तो लिपिड प्रोफाइलचा कागद कसा आडवा येतो ते सांगतो. माझ्याकडे एका तालुक्याच्या गावाहून चाळिशीतल्या एक शिक्षिका आल्या होत्या. उजवा कान सकाळी उठल्यावर गेला. पहिल्यांदा एका ठिकाणी 'सर्दी आहे, मळ आहे' म्हणून थेंब मिळाले. आठवडा गेला. मग कुणीतरी रक्त तपासायला सांगितलं, त्यात ट्रायग्लिसराइड बरंच वाढलेलं निघालं. घरच्यांना हायसं वाटलं, कारण सापडलं म्हणून. तूप बंद, तळण बंद, सकाळचं चालणं सुरू. "महिनाभर पथ्य करू, मग बघू," असं ठरलं. माझ्याकडे आल्या तेव्हा दोन महिने उलटून गेले होते. त्या काळजीपूर्वक म्हणाल्या, "सर, पथ्य मी एक दिवससुद्धा मोडलेलं नाही." आणि ते खरंच होतं, ट्रायग्लिसराइड निम्म्यावर आलं होतं. उजव्या कानाची आलेख-रेषा मात्र कागदाच्या तळाशी होती आणि ती वर आली नाही. आता वर्गात मुलं कुठल्या बाजूने बोलतात ते त्यांना कळत नाही. एका कानाने आवाजाची दिशा लागत नाही. त्या भिंतीकडे उजवा कान करून उभ्या राहतात.

अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेने २०१९ मध्ये जे मार्गदर्शन सुधारून प्रसिद्ध केलं, त्यात अशा रुग्णाच्या सरसकट रक्ततपासण्या करू नयेत असं म्हटलं आहे. करायची ती ऑडिओमेट्री, म्हणजे कानाची तपासणी, आणि तीही तातडीने. रक्त पुढच्या आठवड्यात तपासलं तरी चालतं. हृदयासाठी ते तपासायलाच हवं. पण त्याच्यासाठी कान थांबत नाही.

दडा मळाचा की मज्जातंतूचा, याचा अंदाज घरी घेता येतो. आत्ता माझ्याबरोबर करून बघा. एका कानात हलकेच बोट घाला आणि तोंड मिटून 'हंऽऽ' असा हुंकार द्या. कुठल्या कानात मोठा ऐकू येतो? बंद केलेल्या कानात. म्हणजेच मळ किंवा सर्दीमुळे कान नुसता बुजला असेल, तर हुंकार बुजलेल्या कानात मोठा वाटतो. आता बोट काढा. समजा एखाद्या सकाळी तुमचा कान दडा बसल्यासारखा झाला, तुम्ही हुंकार दिलात, आणि तो त्या कानात न येता चांगल्या कानात मोठा ऐकू आला, तर मळाचा विषय विसरा आणि त्याच दिवशी कानाच्या डॉक्टरकडे जा. ही अंतिम तपासणी नव्हे, पण दिशा दाखवते. आम्ही दवाखान्यात कपाळावर चिमटा ठेवून, म्हणजे ट्यूनिंग फोर्क टेकवून, हेच पाहतो.

हळूहळू ऐकू कमी येणाऱ्यांना घाई नसते, पण त्यांची वाट पाहण्याची हौस मोठी असते. एका बाजारपेठेतले धान्याचे व्यापारी पत्नीबरोबर आले होते. फाइल जाडजूड. दोन वर्षांत कोलेस्टेरॉल कसं उतरलं त्याचा त्यांनी चक्क तक्ता केला होता. "डॉक्टरसाहेब, आणखी किती खाली आणू?" त्यांनी विचारलं. उत्तर त्यांच्या पत्नीने दिलं: "अहो, हृदयाला किती हवं ते हृदयाच्या डॉक्टरांना विचारा. इथे मशीनचं बोला. टीव्हीचा आवाज गल्लीच्या टोकाला जातो." मी त्यांच्या बाजूचा होतो. २०२४ मध्ये लॅन्सेटच्या तज्ज्ञगटाने स्मृतिभ्रंशाची टाळता येण्याजोगी चौदा कारणं सांगितली. त्यात मध्यमवयातलं वाढलेलं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, पहिल्यांदाच आलं. ऐकू कमी येणं आधीपासून होतंच. दोघांचा वाटा सारखाच धरला आहे, सुमारे सात-सात टक्के. एकासाठी आपण वर्षाला दोनदा रक्त देतो. दुसऱ्यासाठी मशीन लावायची लाज वाटते.

तेव्हा फाइल जरूर आणा, पण तिच्यात ऑडिओमेट्रीचा कागद असू द्या. जिल्हा रुग्णालयांत आणि वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत ही तपासणी माफक खर्चात होते. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था १९८३ पासून याच कामासाठी आहे. उत्पन्न कमी असलेल्यांना केंद्र सरकारच्या योजनेतून तिथे श्रवणयंत्र मिळू शकतं. जाताना उत्पन्नाचा दाखला बरोबर न्या आणि घरातलं एखादं माणूस सोबत न्या. तपासणीच्या खोलीत काय सांगितलं ते दोघांनी ऐकलेलं बरं असतं.